‘समज देऊन सोडलं’ म्हणजे नक्की काय? : इंग्लंडमधली पोलीस कॉशन आणि मुलांचं पुढचं आयुष्य



मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा इंग्लंडहून फोन आला. दहावीत माझ्या वर्गात होता. आता तिकडे नोकरी करतो, मुलगा पंधरा वर्षांचा आहे. आवाजावरूनच कळलं की काहीतरी बिनसलंय.

“बाई, मुलाला पोलिसांनी धरलं होतं. दुकानातली चोरी. मित्रांबरोबर होता. पोलीस म्हणाले, कबूल केलं तर कॉशन देऊन सोडतो, कोर्टात जायला नको. मला वाटलं, समज देऊन सोडतायत. मी मुलाला म्हटलं, हो म्हण आणि घरी चल.”

“मग आता काय झालं?”

“बाई, तो आता सांगतोय की वस्तू त्याने घेतलीच नव्हती. मित्राने त्याच्या बॅगेत टाकली. घरी जायचं होतं म्हणून हो म्हणाला. आणि ही विचारतेय, याला पुढे डॉक्टर होता येईल ना?”

मी कायद्याची जाणकार नाही, मराठी आणि इतिहास शिकवते. त्याला सांगितलं, आधी तिकडच्या वकिलाला गाठ. पण विषय डोक्यातून जाईना, म्हणून नीट वाचून काढला. आपल्यापैकी अनेकांची मुलं, भाचे-पुतणे तिकडे आहेत. अनेक विद्यार्थी बारावीनंतर किंवा पदवीनंतर तिकडे शिकायला जातात. म्हणून आजच्या लेखात आपण हा विषय सोप्या भाषेत समजून घेणार आहोत. यातली माहिती इंग्लंड आणि वेल्स या दोन भागांपुरती आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमधली पद्धत वेगळी आहे.

घोळ शब्दापासूनच सुरू होतो

आपल्याकडे ‘पोलिसांनी समज देऊन सोडलं’ असं आपण म्हणतो, तेव्हा मनात काय चित्र येतं? साहेबांनी दरडावलं, कान धरायला लावले, वडिलांना बोलावलं आणि विषय मिटला. कागद नाही, नोंद नाही.

इंग्लंडमधली कॉशन तशी नसते. ती एक औपचारिक, कायदेशीर कारवाई आहे. खटला न भरता प्रकरण निकाली काढण्याचा तो मार्ग आहे आणि त्याची नोंद पोलिसांच्या राष्ट्रीय संगणकावर होते.

आणखी एक गोंधळ आहे. तिकडे ‘कॉशन’ हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. अटक करताना किंवा चौकशीआधी पोलीस सांगतात की तुम्हाला काही बोलण्याची सक्ती नाही, पण जे बोलाल ते पुरावा म्हणून वापरलं जाऊ शकतं. त्यालाही कॉशन म्हणतात. ती फक्त सूचना असते, तिने कुणी गुन्हेगार ठरत नाही. आपला विषय दुसऱ्या कॉशनचा आहे, म्हणजे प्रकरणाच्या शेवटी, गुन्हा कबूल केल्यावर दिली जाणारी.

कॉशन कधी दिली जाते?

इंग्लंड-वेल्समध्ये दहाव्या वर्षापासून मूल कायद्याने गुन्ह्याला जबाबदार धरलं जातं. दहा म्हणजे आपली पाचवीतली मुलं! १० ते १७ या वयातल्या मुलांना जी कॉशन देतात तिला ‘यूथ कॉशन’ म्हणतात. ही पद्धत एप्रिल २०१३ पासून सुरू झाली. त्याआधी १९९८ च्या कायद्याने आलेले ‘रेप्रिमांड’ आणि ‘फायनल वॉर्निंग’ हे दोन प्रकार होते.

यूथ कॉशनसाठी तीन गोष्टी लागतात :

१. मुलावर आरोप ठेवता येईल इतका पुरावा पोलिसांकडे असला पाहिजे.
२. मुलाने गुन्हा कबूल केला पाहिजे.
३. खटला भरण्याची किंवा अटी घालण्याची गरज नाही, असं पोलिसांचं मत झालं पाहिजे.

अटी घातल्या तर तिला ‘यूथ कंडिशनल कॉशन’ म्हणतात. उदाहरणार्थ, नुकसानभरपाई द्यायची, माफीचं पत्र लिहायचं, ठरलेल्या ठिकाणी जाऊ नये, वगैरे.

यातली दुसरी अट पुन्हा वाचा. सगळा डोलारा कबुलीवर उभा आहे. मुलाने गुन्हा केलाच नसेल, तर त्याला कॉशन देताच येत नाही. ‘थोडंसं हो म्हण, लवकर सुटू’ हा सल्ला इथे घातक ठरतो, कारण ते ‘हो’ म्हणजेच सगळ्यात महत्त्वाचा कागद असतो.

अठरा पूर्ण झालेल्या व्यक्तीच्या बाबतीत कबुलीबरोबर संमतीही लागते, आणि तशी सही घेतली जाते. नाही म्हणण्याचा हक्क असतो. नाही म्हटलं तर पोलीस खटला भरू शकतात किंवा प्रकरण सोडूनही देऊ शकतात. म्हणून तो निर्णय वकिलाशी बोलूनच घ्यायचा.

कॉशन म्हणजे शिक्षा झाली का?

नाही. कॉशन म्हणजे न्यायालयाने दोषी ठरवणं नव्हे. कुणी विचारलं, ‘न्यायालयाने तुम्हाला दोषी ठरवलं आहे का?’ तर उत्तर ‘नाही’ असंच आहे. पण ती गुन्हेगारी नोंदीचा भाग मात्र आहे. हा फरक बारीक वाटतो, पण अर्ज भरताना फार मोठा ठरतो.

पोलिसांच्या राष्ट्रीय संगणकावरच्या अशा नोंदी साधारणपणे ती व्यक्ती शंभर वर्षांची होईपर्यंत ठेवल्या जातात. म्हणजे अकराव्या वर्षीची नोंद एकोणनव्वद वर्षं राहणार. ती नोंद सगळ्यांना दिसते असं नाही. ती कोणाला आणि कधी दिसते, हाच खरा प्रश्न आहे.

नोकरीत काय दिसतं?

१९७४ साली ब्रिटनमध्ये गुन्हेगारांच्या पुनर्वसनाचा एक कायदा झाला. त्याचं सूत्र असं की, छोट्या गुन्ह्याला ठरावीक काळ उलटला की तो ‘मुदत संपलेला’ मानायचा आणि सामान्य नोकरीत तो सांगण्याची गरज नाही. कॉशनचा समावेश या कायद्यात डिसेंबर २००८ मध्ये झाला. साध्या कॉशनची आणि यूथ कॉशनची मुदत दिल्याक्षणीच संपते. अटी असलेल्या कॉशनची जास्तीत जास्त तीन महिन्यांत संपते.

म्हणजे दुकानात, हॉटेलात, साध्या कार्यालयात काम धरायचं असेल, तर ती कॉशन सांगावी लागत नाही. साध्या प्रमाणपत्रातही ती येत नाही.

पण १९७५ साली याच कायद्याला अपवाद जोडले गेले. डॉक्टर, नर्स, शिक्षक, वकील, लहान मुलांबरोबर किंवा आजारी, वृद्ध माणसांबरोबर काम करणारे, अशा कामांसाठी वरच्या पातळीची तपासणी होते. हे काम ‘डीबीएस’ नावाची सरकारी संस्था करते. तिथे पूर्वी मुदत संपलेल्या कॉशनही छापून यायच्या. त्याचे परिणाम किती लांबवर जायचे, याची दोन खरी उदाहरणं ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयासमोर आली होती.

पहिलं उदाहरण एका मुलाचं. अकरा वर्षांचा असताना दोन चोरीच्या सायकलींच्या प्रकरणात त्याला पोलिसांच्या वॉर्निंग मिळाल्या. सतराव्या वर्षी त्याने फुटबॉल क्लबमध्ये अर्धवेळ कामासाठी अर्ज केला, पुढे क्रीडाविषयक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. दोन्ही वेळा त्या सायकली प्रमाणपत्रावर हजर! दुसरं उदाहरण एका प्रौढ बाईचं. २००१ मध्ये तिला खोट्या नखांचं एक पाकीट चोरल्याबद्दल कॉशन मिळाली होती. २००९ मध्ये तिने वृद्ध-आजारी लोकांची काळजी घेण्याचं प्रशिक्षण घेतलं. पण तपासणीत ती कॉशन निघाली आणि प्रशिक्षण संस्थेने तिचं नाव नोकरीसाठी पुढे पाठवणं नाकारलं. नखांचं पाकीट, आठ वर्षांनंतर.

न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं की जुनी, किरकोळ नोंद सरसकट अशी उघड करणं हे व्यक्तीच्या खासगी आयुष्याच्या हक्कावर अतिक्रमण आहे. हा खटला खालच्या न्यायालयांतून वर जात असतानाच, मे २०१३ मध्ये, सरकारने चाळणी लावली : काही वर्षं उलटली की किरकोळ नोंदी प्रमाणपत्रातून गाळायच्या. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक निकाल दिला. लहान वयात दिलेल्या वॉर्निंग आणि रेप्रिमांड आपोआप उघड करणं योग्य नाही, कारण त्यांचा मूळ हेतू मुलाला सुधारण्याचा होता, असा त्याचा आशय.

त्यानंतर २८ नोव्हेंबर २०२० पासून नियम बदलले. आता यूथ कॉशन, जुने रेप्रिमांड आणि वॉर्निंग या वरच्या पातळीच्या प्रमाणपत्रातही आपोआप येत नाहीत. माझ्या विद्यार्थ्याच्या बायकोच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून बरंच दिलासादायक आहे. एका यूथ कॉशनमुळे मुलाचा डॉक्टर होण्याचा रस्ता आपोआप बंद होत नाही.

मग चिंता संपली का?

नाही. चार जागा अशा आहेत की जिथे जुनं प्रकरण पुन्हा वर येऊ शकतं.

१. पोलिसांचा अधिकार. सर्वांत वरच्या तपासणीत, म्हणजे मुलांबरोबर किंवा असहाय व्यक्तींबरोबरच्या कामासाठी, पोलीस प्रमुखांना एखादी माहिती त्या कामाशी संबंधित आहे आणि सांगायलाच हवी असं वाटलं, तर ते ती देऊ शकतात. असं प्रत्येक वेळी होत नाही, पण दार पूर्ण बंद नाही.

२. अठरावा वाढदिवस. हा मुद्दा पालकांना माहीतच नसतो. सतरा वर्षं अकरा महिन्यांच्या मुलाला यूथ कॉशन मिळते. तेच प्रकरण रखडलं आणि दरम्यान तो अठरा वर्षांचा झाला, तर त्याला प्रौढांची कॉशन मिळते. घटना तीच, चूक तीच, पण परिणाम वेगळा. प्रौढांची कॉशन वरच्या पातळीच्या प्रमाणपत्रात सहा वर्षं येते. गुन्हा हिंसेच्या किंवा लैंगिक गुन्ह्यांच्या ठरावीक यादीतला असेल तर ती कधीच गाळली जात नाही. आपल्याकडून पदवीसाठी गेलेला एकोणीस वर्षांचा विद्यार्थी याच गटात येतो, हे लक्षात ठेवा. वसतिगृहात गांजा सापडला आणि ‘सही करा, संपलं’ असं कुणी म्हणालं, तरी ते तिथे संपत नाही.

३. परदेश प्रवास. ‘मुदत संपली’ हा नियम ब्रिटनचा आहे. दुसऱ्या देशाने तो मानावा असं बंधन नाही. अमेरिकेसारख्या देशाच्या व्हिसासाठी जुन्या अटकेबद्दल किंवा गुन्ह्याबद्दल विचारतात आणि तिथे त्या देशाचे नियम चालतात.

४. नागरिकत्व आणि व्हिसा. आपल्या मराठी कुटुंबांसाठी हा मुद्दा सगळ्यात जवळचा आहे. ब्रिटनमध्ये परवानगीवर राहणारं कुटुंब पुढे नागरिकत्वासाठी अर्ज करतं. त्यात ‘चांगलं चारित्र्य’ ही अट दहा वर्षांवरच्या मुलांनाही लागू आहे. आणि नोकरीत चालणारा ‘मुदत संपली’चा फायदा नागरिकत्वाच्या आणि व्हिसाच्या निर्णयात मिळत नाही. अर्जात विचारलं असेल तर यूथ कॉशनसुद्धा सांगावी लागते. लपवली आणि नंतर सापडली, तर मूळ चुकीपेक्षा लपवणं जड जातं.

शिवाय काही लैंगिक गुन्ह्यांत नुसती कॉशन घेतली तरी त्या व्यक्तीचं नाव लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदवहीत काही काळासाठी जातं. मोबाइलवरून एकमेकांना पाठवलेल्या उघड्या फोटोंची प्रकरणं म्हणूनच फार जपून हाताळावी लागतात. तिकडच्या कायद्यात अठराखालच्या मुलाने स्वतःचा असा फोटो काढून पाठवणं हाही गुन्हा आहे. २०१६ पासून पोलिसांना अशा प्रकरणात ‘पुढची कारवाई सार्वजनिक हिताची नाही’ अशी नोंद करून ते थांबवण्याची मुभा आहे. पण ती वाट आहे हे पालकांना ठाऊक असायला हवं.

पोलीस ठाण्यात पालकाने काय करायचं?

अठराखालच्या मुलाची चौकशी करताना आणि त्याला कॉशन देताना एक जबाबदार मोठी व्यक्ती सोबत असावीच लागते. बहुतेक वेळा ते आई किंवा वडीलच असतात. तिथे आपण फक्त सोबतीला बसायला गेलेलो नसतो. मुलाला काय विचारलं जातंय, त्याचा अर्थ काय, हे त्याला कळतंय ना, हे बघणं आपलं काम असतं.

या गोष्टी पाठ करून ठेवा :

• वकील मोफत मिळतो. पोलीस ठाण्यातला कायदेशीर सल्ला तिकडे सगळ्यांना फुकट आहे, उत्पन्न कितीही असो. अटक न करता ‘स्वतःहून या, फक्त बोलायचंय’ असं बोलावलं असलं तरीही.
• मूल ‘वकील नको’ म्हणालं, तरी सोबतची मोठी व्यक्ती वकिलाला बोलावण्याची मागणी करू शकते.
• वकील मागितला म्हणजे आपण दोषी दिसतो, हा समज मनातून काढा. उशीर होईल, हे खरं आहे. दोन तास उशीर झाला तरी चालेल.
• आधी मुलाला विचारा, ‘नक्की काय झालं?’ आणि उत्तर पूर्ण ऐका. रागावणं घरी गेल्यावर करता येतं.
• कॉशनशिवाय दुसरा मार्ग आहे का, हे वकिलामार्फत विचारा. किरकोळ प्रकरणात ‘कम्युनिटी रिझोल्यूशन’ नावाचा मार्ग असतो : माफी मागणं, नुकसान भरून देणं. त्याची पोलिसांकडे नोंद राहते, पण ती कॉशनसारखी गुन्हेगारी नोंद होत नाही.
• जो कागद मिळेल तो जपून ठेवा. कोणता गुन्हा, कोणत्या तारखेची आणि कोणत्या प्रकारची कॉशन, हे दहा वर्षांनी अर्ज भरताना लागतं.

दिलेली कॉशन काढून टाकता येते का?

कधीकधी. कॉशन चुकीच्या पद्धतीने दिली असेल, म्हणजे खरी कबुलीच नव्हती, पुरावा नव्हता किंवा सोबत मोठी व्यक्ती नव्हती, तर ज्या पोलीस दलाने ती दिली त्यांच्याकडे नोंद काढून टाकण्याचा अर्ज करता येतो. उच्च न्यायालयातही जाता येतं, पण त्याची मुदत जास्तीत जास्त तीन महिने आहे. ‘आता मला पश्चात्ताप होतोय’ एवढं कारण पुरत नाही. म्हणूनच पहिल्या दिवशीचा निर्णय महत्त्वाचा.

आणि आपल्याकडे?

हा प्रश्न वर्गात येणारच, म्हणून थोडक्यात सांगते. भारतात २०१५ च्या बाल न्याय कायद्यात ‘नव्याने सुरुवात’ हे तत्त्व लिहिलेलं आहे. काही गंभीर अपवाद सोडले तर मुलाच्या जुन्या प्रकरणामुळे त्याला पुढे अपात्र ठरवू नये, असं कलम २४ सांगतं. चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनी मुलाची अशी नोंद उघड करू नये, असं कलम ७४ सांगतं. कागदावर आपला कायदा मुलाच्या बाजूने बराच स्पष्ट आहे. पण इथून ब्रिटनच्या व्हिसाचा अर्ज करताना किंवा तिकडे गेल्यावर, तिकडचे प्रश्न आणि तिकडचे नियम लागू होतात.

वर्गात घेण्यासाठी एक उपक्रम

आठवी ते दहावीच्या मुलांबरोबर वीस मिनिटांत होतो. फळ्यावर एकच प्रसंग लिहा : ‘तुझ्या बॅगेत मित्राने न विचारता वस्तू टाकली. पकडणारे म्हणतात, कबूल कर म्हणजे लगेच सोडतो. तू काय करशील?’

मी हा प्रसंग नववीत घेतला. बहुतेक मुलांनी लिहिलं, ‘हो म्हणेन, कारण घरी कळायला नको.’ एका मुलीने लिहिलं, ‘आधी बाबांना खरं सांगेन, पण ते ऐकतील का माहीत नाही.’ उत्तरं वाचून दाखवल्यावर चर्चा चोरीवर राहिलीच नाही. मोठ्यांसमोर खरं बोलायची भीती का वाटते, यावर गेली. मुलांना दोन गोष्टी लक्षात राहाव्यात, एवढीच अपेक्षा आहे : न केलेलं कबूल करायचं नाही, आणि केलेलं असेल तरी मदत मागितल्याशिवाय सही करायची नाही.

शेवटी त्या फोनबद्दल. माझ्या विद्यार्थ्याने वकील गाठला. मित्राने वस्तू बॅगेत टाकल्याचं आता दुसऱ्या मुलाच्या घरूनही कबूल केलं जातंय, म्हणून नोंद काढण्याचा अर्ज करायचं ठरलंय. काय होईल ते माहीत नाही. परवा पुन्हा बोलणं झालं तेव्हा तो म्हणाला, “बाई, पोलीस तर परकेच होते. पण मी त्याला एकदाही विचारलं नाही, तू घेतलंस का म्हणून.”

मी म्हटलं, “आता विचारलंस ना? मग त्याला हेही सांग, की चूक माझीही होती.”

पालकहो, हा लेख तिकडे असलेल्या आपल्या माणसांपर्यंत जरूर पोहोचवा. शिक्षकांनो, उपक्रम घेतलात तर मुलांची उत्तरं मला नक्की कळवा. आणि खरोखरच अशी वेळ आली, तर आधी तिथल्या वकिलाला फोन करा.